रुमाल मागे धर

सांगली,
गुरुवार

चि. चिमीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा ताईचा मिक्सर उघडून बसलो होतो, दोन्ही हात काळे. म्हणून नीट बोलता आलं नाही. तू चार व्हॅक्यूम क्लीनरचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, 'मामा, यातलं कुठलं घेऊ?' फोटोवरून मला काय कळणार बाई? मला मशीन कळतं ते मेल्यावर. तीस वर्षं मेलेल्या मोटारी उघडतोय, त्यातून जे कळलं ते लिहितो.

मागच्या महिन्यात विश्रामबागेतून एक व्हॅक्यूम आलं. तक्रार अशी की ओढत नाही आणि दहा मिनिटांत बंद पडतं. घरात लॅब्रॅडॉर. मागचं झाकण काढलं तर आत फिल्टर दिसेचना. बोटाएवढा जाड, राखाडी थर बसला होता. केस आणि धूळ एकमेकांत दाबून घट्ट झालेली, अगदी घोंगडीसारखी. नखानं एक कोपरा उचलला तर सबंध तुकडा सोलून हातात आला. मोटार ठणठणीत होती. या कोरड्या मशिनांत मोटार थंड होते ती आत ओढलेल्या हवेवरच. फिल्टर तुंबला की हवा येत नाही, मोटार तापते आणि आतला कटआऊट तिला बंद करतो. म्हणजे मशीन स्वतःचा जीव वाचवत असतं. लोक थोड्या वेळानं पुन्हा बटण दाबतात, पुन्हा दाबतात, आणि एक दिवस वाइंडिंग जळाल्याचा वास घरभर होतो. गृहस्थ कंपनीच्या नावानं बोटं मोडत होते. मी तो तुकडा कागदात बांधून त्यांच्या हातात दिला आणि धुण्याचे पैसे घेतले.

तुझ्या घरी खंड्या कुत्रा आहे, शेवंता मांजर आहे, आणि जावईबापू सकाळी उठल्यापासून शिंकतात. ते शिंकतात ते केसानं नव्हे. मांजराची ॲलर्जी ही त्याच्या थुंकीतल्या आणि कातडीच्या तेलातल्या प्रथिनाची असते. शेवंता दिवसभर अंग चाटते, ते अंगावर वाळतं, कोंड्याबरोबर सुटतं, आणि इतकं बारीक असतं की तासन्‌तास हवेत तरंगत राहतं. केस डोळ्यांना दिसतात म्हणून आळ त्यांच्यावर येतो.

म्हणून मशीन घेताना सगळे बघतात ते बघू नकोस. १९८२ नंतर युरेका फोर्ब्सची टाय लावलेली पोरं दारोदार फिरायची, तुझ्या आजीच्या घरीही एक आला होता. त्यानं नळीच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला, गादीवरून फिरवला आणि काळा झालेला रुमाल आजीला दाखवला. आजी इतकी शरमली की तिनं आधी गादीचा अभ्रा बदलला आणि मग त्याला चहा दिला. मशीन काही घेतलं नाही. पुढे वाचनात आलं की लंडनच्या ज्या ह्यूबर्ट सेसिल बूथनं १९०१ मध्ये ओढणारं यंत्र काढलं, त्यानंही सुरुवात रुमालानंच केली होती. हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढली आणि रुमालाची खालची बाजू बघितली. त्याचं पहिलं मशीन घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून नळ्या घरात जायच्या. म्हणजे धुळीची हवा बाहेरच्या बाहेर जायची! आता मशीन घरात आलं, हवाही घरात सोडायला लागलं.

तेव्हा रुमाल पुढे नको, मागे धर. पुढून किती ओढतं यापेक्षा मागून काय सोडतं ते बघायचं. खरं तर एवढी बारीक धूळ रुमालावर दिसत नाही. खोलीत अंधार कर, मशीन चालू कर आणि मागच्या जाळीसमोर टॉर्च आडवा धर. उजेडात कण नाचताना दिसले तर ते मशीन धूळ जमिनीवरून उचलून जावईबापूंच्या नाकापाशी आणून ठेवणारं आहे. दुकानात अंधार कोण करणार, हे खरं. पण घरी आल्यावर परत करायची मुदत असते, तेवढ्यात करून बघ. खोक्यावर 'हेपा' लिहिलेलं असेल तर पुढचा शब्द वाच. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. 'हेपा टाइप' लिहिलेल्याला असं काही बंधन नाही. आणि फिल्टर कितीही भारी असला तरी झाकणाचं रबर सैल असेल तर हवा फटीतूनच निघते. झाकण उघडून बंद कर, बोटानं दाबून बघ.

धूळ साठवायला डबा की पिशवी? सगळे म्हणतील डबा, पिशवीचा खर्च नको. तुझ्या घराला मी पिशवी सांगेन. डबा रिकामा करताना पोटातलं सगळं एकदम तोंडावर उडतं. पिशवी तशीच्या तशी उचलून कचऱ्यात टाकता येते. फक्त त्या मशिनाच्या पिशव्या पुण्यात सहज मिळतात का, ते घेण्याआधी विचार. न मिळणाऱ्या पिशवीची मशिनं माझ्या माळ्यावर दोन आहेत.

वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं. किती ओढतं ते वेगळं, ते किलोपास्कल किंवा एअर वॅटमध्ये लिहितात. शिवाय १४०० वॅटचं मशीन सहा अँपिअरच्या वर जातं, त्याला मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. तुझ्या हॉलमध्ये तो आहे का? बहुतेक ओट्याजवळ, गीझरला आणि एसीलाच असेल. मग लोक बारक्या एक्स्टेंशनवर लावतात आणि बोर्ड काळा पडून माझ्याकडे येतो.

तुझी फरशी गुळगुळीत टाइलची. तिथे केस सुटे पडतात, त्यांना फार जोर लागत नाही; कडक गोल ब्रश मात्र खंड्याचं खाणं दाण्यादाण्यानं उडवतो, तेव्हा मऊ ब्रश घे. तुझं खरं दुखणं सोफा आणि ती सोलापुरी सतरंजी. कापडात विणल्यासारखे बसलेले केस नुसत्या ओढीनं येत नाहीत. हातभर रुंदीचा नव्हे, स्वतःची मोटार असलेला वीतभराचा छोटा ब्रश हवा. हवेच्या जोरावर फिरणारा ब्रश कापडावर दाबला की थांबतो. आणि आधी भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून, हात जरा ओला करून सोफ्यावर एका दिशेनं फिरव. केसांच्या वळकट्या निघतील. मोज्याचे पैसे किती, तुला माहीत आहेच.

जमिनीवर फिरणारा रोबोट आत्ता नको. खंड्या अजून लहान आहे, रात्री केव्हा काय करून ठेवेल नेम नाही. साध्या रोबोटला ते कळत नाही. तो ते घरभर सारवतो.

खंड्याला मशिनाचं भय वाटणारच. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही वर. मोटारीची शिट्टी आपल्याला नुसती घरघर वाटते. आठवडाभर मशीन बंदच कोपऱ्यात ठेव, वर बिस्किटाचा तुकडा ठेव. मग दुसऱ्या खोलीत, दार लावून चालव. त्याच्या अंगावर नळी कधीही फिरवू नकोस, कोणी व्हिडिओत दाखवलं तरी. त्याला बाल्कनीत रोज पाच मिनिटं विंचर. जो केस फणीत आला तो फिल्टरपर्यंत जात नाही.

पिसवा झाल्या तर मशीन रोज. अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून फटीत पडतात, अळ्या अंधारात दडतात. मशिनाच्या थरथरीनं कोशातल्या पिसवा बाहेर येतात, त्यामुळे पहिले काही दिवस जास्तच दिसतील. घाबरून थांबू नकोस. पिशवी त्याच दिवशी बांधून घराबाहेर. आणि त्या नादात काळं फिनाईल फरशीला लावू नकोस; त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, आणि शेवंता पाय चाटते.

फिल्टर धुतलास तर पुरता वाळल्याशिवाय लावायचा नाही. पावसाळ्यात चोवीस तासही पुरत नाहीत; ओला लावलास की घराला ओल्या कुत्र्याचा वास येतो आणि नाव खंड्याचं होतं. दुसरा फिल्टर आधीच घेऊन ठेव. कागदी हेपावर 'धुवू शकता' लिहिलेलं नसेल तर त्याला पाणी दाखवू नकोस. धूपाची राख, रांगोळी, ओलं काहीही कोरड्या मशिनात नाही.

आणखी एक. केर काढायला ज्या मावशी येतात त्यांना विचारून मशीन घे. शेवटी वाकायचं त्यांना. वजन त्यांच्या हातात देऊन बघ, फिल्टर कसा काढायचा ते त्यांच्याकडूनच एकदा करवून घे, आणि पगारावर त्याचा परिणाम नाही हे आधी सांग, नाहीतर मशीन पहिल्याच महिन्यात 'बिघडतं'. केरसुणी मात्र काढून टाकू नकोस. लक्ष्मीपूजनाला ती लागेलच, आणि लाइट गेले की खंड्या काही थांबत नाही.

दुकानात गेलीस की मला फोन लाव आणि मशीन चालू करून फोन त्याच्या मागे धर. आवाजावरून बेअरिंगचं थोडंफार सांगता येईल.

ताईला सांग, मिक्सर झाला. कार्बन गेले होते, बाकी काही नाही.

तुझा,
मामा