गीतांतील गूढार्थ कसा शोधावा?

गीताचा गूढार्थ शोधणें हा मोठा आनंद आहे. परंतु त्यास विवेकाची जोड हवी. इंग्लंडांतील 'बीटल्स' ह्या रॉक संगीतमंडळीनें १९६८ सालीं शुभ्र वेष्टनांत प्रसिद्ध केलेला तीस रचनांचा आल्बम आम्ही उदाहरणादाखल घेतों.

त्यांतील 'ब्लॅकबर्ड' हें गीत वरवर पाहतां पंख मोडलेल्या काळ्या पक्ष्याचें आहे. तो अंधारांत उडावयास शिकतो. गीतकार पॉल मॅकार्टनी ह्यांनीं पुढें सांगितलें कीं, अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा त्यांच्या मनांत होता. जखम, अंधार, उड्डाण ह्या खुणा परस्परांस दुजोरा देतात. म्हणून हा अर्थ ग्राह्य होय.

उलटपक्षीं, 'ग्लास अनियन' हें गीत जॉन लेनन ह्यांनीं ओढूनताणून अर्थ काढणाऱ्यांची थट्टा करण्यासाठींच लिहिलें. गोष्ट थट्टेवर थांबती तर बरें होतें. 'हेल्टर स्केल्टर' म्हणजे इंग्लंडांतील जत्रेंत मनोऱ्याभोंवतीं गरगर उतरणारी घसरगुंडी. चार्ल्स मॅन्सन ह्या अमेरिकन इसमानें त्या गीतांत वंशयुद्धाचें भाकीत वाचलें व अनुयायांस तें शिकविलें. ऑगस्ट १९६९ मध्यें, दोन रात्रींत, त्या अनुयायांनीं सात निरपराध माणसांचे प्राण घेतले.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, आधीं शब्दांचा सरळ अर्थ घ्यावा. मग कवीचा काळ व हेतु पाहावा. शेवटीं आपला तर्क प्रत्येक ओळीवर घासून पाहावा. एकही ओळ साक्ष देत नसेल, तर तो अर्थ आपल्याच मनांतला समजावा. पालकांसही विनंती कीं, मुलांनीं एखाद्या गीताचा अर्थ सांगितला असतां "हें कशावरून?" एवढें प्रेमानें विचारावें.