ढगांचं पंचांग नसतं

आजवर चार खग्रास सूर्यग्रहणं माझ्या हाताशी आली. एक घरात कोंडून गेलं, एक ढगांनी खाल्लं, दोन दिसली. दिसलेल्या दोन्हींचा वेळ मिळून पाच मिनिटंही भरत नाहीत. तरी ओळखीपाळखीचे लोक मलाच फोन करतात, कारण २ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमध्ये मोठं ग्रहण आहे आणि निम्म्या गावाला लक्सरला जायचंय. कुठली टूर चांगली, हे मला विचारू नका. बाकीचं सांगते.

१. पट्ट्याच्या बाहेर ९९ टक्के म्हणजे काहीच नाही.

८ एप्रिल २०२४च्या ग्रहणाला मी भाच्याकडे, अमेरिकेतल्या कोलंबसला होते. खग्रास पट्ट्याची कड या शहराला घासून जात होती. वायव्येकडची उपनगरं आत, शहराचा मध्यभाग बाहेर. भाच्याचं घर बाहेरच्या बाजूला. तो म्हणाला, "मावशी, आपल्या अंगणातून ९९ टक्क्यांच्या वर दिसणार आहे. उरलेल्या अर्ध्या टक्क्यासाठी कशाला गाडी काढायची?"

मी त्याला हिशेब सांगितला. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चार लाख पट तेजस्वी. त्याचा एक टक्का शिल्लक राहिला तरी चार हजार पौर्णिमांचा उजेड उरतो. सूर्याभोवतीचा जो प्रभाकिरीट बघायला माणसं जग पालथं घालतात, त्याचं तेज जेमतेम एका पौर्णिमेइतकं. चार हजारांपुढे एकाचं काय चालणार? ९९ टक्क्यांवर समाधान मानणं म्हणजे मांडवाच्या दारापर्यंत जाऊन अक्षता न टाकता परत फिरणं. भाचा इंजिनिअर आहे. आकडे ऐकल्यावर गाडी निघाली.

२. पट्ट्यात शिरलात तर मध्यरेषेकडे सरका.

कडेपासून थोडं आत गेलं की सेकंद भराभर वाढतात. आम्ही दीड-दोन तास वायव्येला जाऊन वापाकोनेटा गाठलं. नील आर्मस्ट्राँगचं हे जन्मगाव. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याच्या गावावर त्या दिवशी चंद्राची सावली जवळपास चार मिनिटं रेंगाळणार होती. हा योग मला घरबसल्या नकाशातच सापडला होता, आणि खरं सांगायचं तर जागा निवडताना त्या मोहाचाही थोडा वाटा होता.

३. सावली सेकंदाला पक्की असते, ढग नसतात.

आपण तिकिटं काढतो ती सावलीच्या भरवशावर आणि फसतो ढगांपायी. हे मी २२ जुलै २००९ला शिकले. एकविसाव्या शतकातलं सर्वांत लांब खग्रास ग्रहण, आणि आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. बघायला उत्तम जागा म्हणून त्या वर्षी पाटण्याजवळच्या तारेगनाचं नाव सगळीकडे झालं होतं. आर्यभटाशी जोडलेलं गाव, नावातच तारे, म्हटलं चला. मी आणि नवरा दोन दिवस रेल्वेत काढून पोचलो. पहाटे बघावं तर गावात पाय ठेवायला जागा नाही आणि वर ढगांची गोधडी. साडेसहा वाजायच्या आत अंधार पडला, अगदी वेळेवर. साडेतीन मिनिटांहून जास्त काळ हजारो माणसं माना वर करून राखाडी काळोख बघत उभी होती. पाखरं गप्प झाली, कुणीतरी शंख फुंकला, उजाडलं. संपलं.

परतीच्या गाडीत मुघलसरायला एक कुटुंब चढलं. त्यांनी काशीच्या घाटावरून सगळं बघितलं होतं, स्वच्छ. आम्ही होतो तिथून ते अडीचशे-एक किलोमीटर. त्यातल्या सूनबाई आकाशातल्या हिऱ्याच्या अंगठीचं वर्णन करत होत्या आणि मी त्यांच्या डब्यातली पुरी खात हसरा चेहरा ठेवून होते. इतकी कडू पुरी मी पुन्हा खाल्लेली नाही.

चूक तारेगना निवडण्यात नव्हती. एका जागेला चिकटून बसण्यात होती. आमच्याकडे गाडी नव्हती आणि दुसरी जागा मनातही नव्हती. तेव्हापासून नियम केला: पट्ट्यावरच दोनशे-तीनशे किलोमीटर अंतरानं दोन ठिकाणं हेरून ठेवायची, आदल्या संध्याकाळी उपग्रहाचं चित्र बघायचं आणि मगच ठरवायचं. हॉटेलचे पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

२०२४ला या नियमाची दुसरी बाजू दिसली. जुन्या नोंदी पाहून जाणकार सांगत होते, एप्रिलमध्ये टेक्सासला जा, उत्तरेकडे ढग असतात. भाच्याचे मित्र विमानानं टेक्सासला गेले. प्रत्यक्ष त्या दिवशी टेक्सासवर बऱ्याच ठिकाणी ढग जमले आणि दूर उत्तरेला व्हरमाँटमध्ये आकाश निरभ्र. आमच्या ओहायोत पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग होते, त्यांनी काही बिघडवलं नाही. सरासरी खोटी नसते. पण सरासरी म्हणजे वर्षानुवर्षांची बेरीज, आणि आपल्याला मिळते एकच दुपार.

४. तरीही आधी ऋतू बघा.

वरचं वाचून कुणी म्हणेल, मग नोंदी कशाला बघायच्या? बघायच्याच. २२ जानेवारी १८९८चं खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून गेलं. महिना कोरड्या हवेचा. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला तळ ठोकून होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला होते. आज सोलापूरच्या गाडीतून जाताना जेऊर स्टेशनाकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण मणामणाच्या दुर्बिणी न्यायच्या तर रेल्वे हवी, वर आकाश कोरडं हवं, आणि जेऊरला दोन्ही होतं. ही साधी अक्कल शंभर वर्षांनी आपण विसरलो आणि ११ ऑगस्ट १९९९ला भर श्रावणाच्या तोंडावर गुजरातेत माना वर करून उभे राहिलो. मी त्या वेळी गेले नाही, म्हणून त्याचा हिशेब वर धरलेला नाही. लक्सरलाही ऑगस्टच आहे, पण तो वाळवंटातला. तिथं ढगांची नव्हे, चाळिशीपार जाणाऱ्या पाऱ्याची चिंता करा.

५. पंचांगातले पाच शब्द पाठ करा.

स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. चंद्र सूर्याला टेकला तो स्पर्श. सूर्य पूर्ण झाकला ते संमीलन, पुन्हा पहिला किरण फुटला ते उन्मीलन. तुम्ही एवढ्या लांब जाता ते संमीलन आणि उन्मीलन यांच्या मधल्या वेळासाठी. आजीला हे शब्द येत होते, मला उशिरा कळले.

वेळेचा घोळ मात्र पंचांगात सुटत नाही. खगोलशास्त्राच्या तक्त्यांत वेळा जागतिक वेळेत दिलेल्या असतात आणि अनेक देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ढकलतात. वापाकोनेटाचं संमीलन दुपारी ३ वाजून ९ मिनिटांनी होतं. मी वहीत आधी २ वाजून ९ मिनिटं लिहून ठेवली होती. भाच्यानं धरून दिलं. एक तास लवकर जाऊन बसलो असतो इतकंच, पण चूक उलटी झाली असती तर?

६. डोळ्यांच्या बाबतीत आजीचं निम्मं ऐका.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. मी नऊ वर्षांची, सांगलीत. खग्रास पट्टा हुबळी-गदगवरून जात होता, म्हणजे पहाटेची एसटी पकडली असती तर जमलं असतं. पण बाहेर काळं कुत्रंही नव्हतं. आजीनं खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, दुधात-पाण्यात तुळशीची पानं टाकली आणि आम्हा पोरांना माजघरात बसवलं. कौलात एक बारीक भोक होतं. त्यातून रोज जमिनीवर गोल कवडसा पडायचा. त्या दुपारी तो गोल कुरतडत गेला. आधी भाकरीचा तुकडा मोडल्यासारखा, मग कोर. आजी जप थांबवून बघत राहिली आणि म्हणाली, "चतकोर सुदीक ऱ्हाईली न्हाई की गं!" ज्या ग्रहणापासून तिनं आम्हाला लपवलं, ते आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर येऊन बसलं होतं. पुढं गल्लीत "दे दान, सुटे गिराण" ऐकू आलं तोवर कवडसा पुन्हा गोल झाला होता.

उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नये, हे आजीचं अगदी बरोबर. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, तो भाजला तरी त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, नेहमीचा गॉगल यांतलं काही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे ग्रहणचष्मे घ्या, चरा पडलेला असेल तर फेकून द्या. पण संमीलन झालं की चष्मा काढायचाच. ती चार मिनिटं चष्म्यातून बघितलं तर निव्वळ काळोख दिसतो. असे चष्मा लावून बसलेले एक गृहस्थ मी वापाकोनेटात पाहिले, त्यांच्या मुलीनं तो ओढून काढला. उन्मीलनाला पुन्हा लावा. आणि सामानात स्वयंपाकघरातला झारा टाका. उन्हात धरला की जमिनीवर शंभर चंद्रकोरी पडतात, शेजारपाजारची मुलं गोळा होतात.

७. कॅमेरा नको.

२४ ऑक्टोबर १९९५. राजस्थानातलं नीम का थाना, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. ऐन दिवाळीत घर सोडलं म्हणून आई पंधरा दिवस बोलली नव्हती. थंडी अशी की दात वाजत होते, आकाश धुतल्यासारखं. तिथं खग्रास स्थिती होती जेमतेम पन्नास सेकंद, आणि त्यातली वीस मी मैत्रिणीच्या भावाकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्याचं झाकण शोधण्यात घालवली. रोल धुऊन आला तेव्हा त्यात काळ्यावर एक पांढरा ठिपका आणि माझा डावा बूट होता.

उरलेल्या तीस सेकंदांत जे बघितलं ते मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. प्रभाकिरीट दोन बाजूंना पसरलेला, पंख ताणल्यासारखा. सूर्यावरचे डाग तेव्हा ओसरत आले होते, अशा काळात तो तसाच लांबट असतो. २०२४ला सूर्य ऐन भरात होता. तेव्हाचा किरीट चहूबाजूंनी फुटलेला, शेवंतीसारखा, आणि खालच्या कडेला नुसत्या डोळ्यांना दिसणारा गुलाबी ठिपका. ती सूर्यावरची ज्वाळा. उजवीकडे खाली शुक्र, डावीकडे वर गुरू. भाच्याचा फोन खिशातच राहिला. त्याच्या तोंडून फक्त "आई गं" एवढंच निघालं.

८. सूर्य आकाशात कुठं असेल ते बघा.

हे फार जण विसरतात. लक्सरला सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असेल आणि खग्रास स्थिती सहा मिनिटांच्या वर. उभं राहून मान वर केली तर दुसऱ्या मिनिटाला लचकेल. चटई न्या, आडवे व्हा. मंदिराचे खांब पुढ्यात ठेवून सूर्य दिसेल अशी स्वप्नं रंगवू नका.

९. परतीची घाई करू नका.

जाताना लोक दोन दिवसांत विखरून पोचतात. निघताना सगळे एकाच मिनिटाला किल्ली फिरवतात. कोलंबसच्या दीड-दोन तासांच्या रस्त्याला आम्हाला साडेपाच तास लागले. डबा, पाणी, पेट्रोल आणि गाडीत भांडायला न लागणारी माणसं बरोबर ठेवा.

१०. पुढचं ग्रहण आजच वहीत लिहा.

ग्रहणांची घराणी असतात. १८ वर्षं, ११ दिवस आणि ८ तासांनी त्याच घराण्यातलं ग्रहण परततं. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून सावली दुसऱ्याच मुलखात पडते. तारेगनाला ज्यानं मला रडवलं, त्याच्याच घराण्यातलं लक्सरचं ग्रहण. जुनी बाकी वसूल करायला मी जाणार आहे.

असे तीन फेरे झाले की चोपन्न वर्षं आणि महिनाभरानं सावली साधारण जुन्याच रेखांशांवर येते. आजीच्या माजघरातलं १९८०चं ग्रहण १९९८ला कॅरिबियनमध्ये गेलं, २०१६ला इंडोनेशियात, आणि २० मार्च २०३४ला ते भारतात परत येतंय. या खेपेला कारगिल-लडाखच्या बाजूनं. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची असेन. मार्चमध्ये झोजिला घाट बहुधा बर्फाखाली असतो, म्हणजे विमानानं लेहला उतरून मागं यावं लागेल. ग्रहण दुपार कलल्यावर आहे, सूर्य पश्चिमेला उतरलेला असेल, आणि तिथं पश्चिमेला डोंगरच डोंगर. सध्या रोज रात्री जेवणं झाली की मी नकाशा पसरून ते डोंगर मोजत बसते. परवा नवऱ्यानं विचारलं, गुडघ्यांचं काय. त्याला म्हटलं, त्यांची दुसरी जागा हेरून ठेवलीय, खाली, गाडीरस्त्याला लागून.