आधी केबल बघ, मग बॅटरी

मु. पो. पांढरकवडा, जि. यवतमाळ

चि. भाच्यास, मामाचे अनेक आशीर्वाद.

बाबांची मारुती आठशे तुझ्या हाती आली आणि आल्या आल्या तिनं त्रास द्यायला सुरुवात केली, हे ताईकडून कळलं. सकाळी नागपुरात एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी हिंगणघाट, करंजी करत पांढरकवड्याला येऊन थांबते, आणि दुपारी किल्ली फिरवली की नुसती 'टक' करते. बॅटरी नवी घातली, तरी तेच. आता कुणाच्या सांगण्यावरून तिसरी बॅटरी घेऊ नकोस.

आठशे १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. तुझी कार्बोरेटरची, म्हणजे चांगलीच जुनी. अशा गाडीचे प्लग, फिल्टर, बेल्ट वेळच्या वेळी बदलले जातात. बॅटरीच्या केबल मात्र कंपनीतून आल्या त्याच राहतात. टर्मिनलपाशी केबल फुगलेली, वाकवताना कडक लागते का बघ. तिथलं प्लॅस्टिक ब्लेडनं दोन बोटं सोललंस, तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या, काही तुटलेल्या, काहींची हिरवट भुकटी झालेली दिसेल. बॅटरीतल्या आम्लाची वाफ तारांच्या फटींतून आत शिरते आणि वर्षानुवर्षं तांबं खाते. वरून केबल धडधाकटच दिसते.

दुपारीच का अडते, त्यालाही कारण आहे. तापमान एका अंशानं वाढलं की तांब्याचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश. लांबून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली ७५ धरले, तर सकाळच्या २५ अंशांच्या मानानं रोध वीस टक्क्यांनी चढतो. चांगल्या केबलला त्याचं काही वाटत नाही. आधीच अर्धी झालेल्या केबलला तेवढंच पुरतं, शिवाय सेल्फची स्वतःची तांब्याची गुंडाळीही तापलेली असते.

थोडं गणित कर. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरू होताना शंभर-सव्वाशे अँपिअर ओढतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या मीटरभर केबलचा रोध साधारण १.१५ मिलिओहम, १२० अँपिअरला त्यात ०.१४ व्होल्ट जातात. एवढं चालतं. पण सैल किंवा गंजलेल्या एका सांध्याचा रोध सहज १० मिलिओहम होतो, आणि त्या एकट्या सांध्यावर १.२ व्होल्ट उडतात. म्हणून जाडजूड केबल आणून सांधा तसाच ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

हे अंदाजानं ठरवू नकोस, मोज. साधा मल्टिमीटर घे. गाडी सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेव. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटावर. दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि आकडा वाच. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर त्या केबलला हात लावू नकोस. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष सापडला. मग मायनसचा खुंट आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात तेच माप घे. तिथं ०.२ च्या वर आकडा नको.

अर्थिंगकडे सगळेच दुर्लक्ष करतात, म्हणून मामा हे मुद्दाम सांगतोय. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडी आणि इंजिन यांना वीज जोडणारी केबल किंवा विणलेली पट्टी लागतेच. ती तुटली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो: अ‍ॅक्सिलरेटरची, क्लचची, चोकची तार. जुन्या गाड्यांत चोकची तार तापून तिच्या प्लॅस्टिकमधून धूर निघतो आणि माणूस वायरिंग जळालं म्हणून अख्खी वायरिंग बदलून घेतो! प्लसची केबल बदलशील त्याच दिवशी ही पट्टीही बदल. तिच्या बोल्टाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत घास.

आता खरेदी. बाहेरच्या जाडीवर जाऊ नकोस. स्वस्त केबलमध्ये प्लॅस्टिक जाड आणि धातू बारीक असतो. त्याहून वाईट म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. एक तार ब्लेडनं खरवड, आत पांढरी निघाली तर ठेवून दे. हातात घेतल्यावरही कळतं, कारण तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. बारीक तारांची, सहज वाकणारी केबल हवी. घरच्या वायरिंगची कडक वायर इंजिनाच्या थरथराटानं तुटते. मोटारीच्या केबलींसाठी भारतीय मानक आयएस २४६५ आहे, ते छापलेलं असेल तर उत्तम. आठशेला १६ चौरस मिलिमीटर पुरे, २५ ची बसत असेल तर आणखी बरं. मेटाडोर किंवा जीपसारख्या डिझेल गाडीचा हिशेब वेगळा, तिला याहून बरीच जाड लागते.

टर्मिनल घेताना खुंट मोजून जा. आठशेसारख्या छोट्या गाड्यांच्या बॅटरीचे खुंट बारीक, बुडाशी प्लस सुमारे १४.७ आणि मायनस १३ मिलिमीटर. मोठ्या बॅटरीचे साडेएकोणीस आणि अठराच्या जवळपास. प्लस मुद्दाम जाड ठेवतात, चुकून उलट जोडणी होऊ नये म्हणून. दुकानदार जाड खुंटाचं टर्मिनल देऊन मधे पत्र्याची पट्टी घालायला सांगेल. ऐकू नकोस, तीच पट्टी उद्याचा सैल सांधा. खुंट कानशीनं घासून बारीक करणंही नको. शिशाचं किंवा चांगल्या पितळेचं टर्मिनल घे. चकाकणारी हलकी जस्ताची टर्मिनलं आवळतानाच चिरतात. वरून दोन स्क्रूंनी दाबायची पट्टी वाटेत अडल्यावर घरी पोचण्यापुरती ठीक.

टोकाला थिंबल बसवताना हातोडीनं ठोकून देणारे पुष्कळ भेटतील. हायड्रॉलिक पक्कडीनं षटकोनी दाबून घे. महामार्गावर ट्रकची किंवा शेतीपंपाच्या पॅनेलची कामं करणाऱ्यांकडे ती असते. नुसत्या झाळकामावर विसंबू नकोस: कथील तारांत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि नेमका तिथंच मोडतो. आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी वरून घाल, म्हणजे आम्लाला फट मिळत नाही.

जुन्या केबल फेकू नकोस. त्या दुकानात ने, लांबी आणि थिंबलच्या भोकाचं माप त्यांवरूनच घे. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेव. खुंटावरची पांढरी-निळी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धू, पण ते पाणी झाकणांतून बॅटरीत जाऊ देऊ नकोस. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लाव, आधी नव्हे. टर्मिनल हातानं पिळून हललं नाही, की झालं. शिसं मऊ असतं, पान्यानं जोर लावू नकोस.

मग पुन्हा तीच दोन मापं घे आणि आकडे मामाला फोनवर कळव. माप ठीक येऊनही दुपारी 'टक'च झाली, तर सेल्फचा सॉलेनॉइड आणि कार्बन बघावे लागतील. ते इथं आलास की करू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा