यंत्र का थकतं, हे शोधणारं करिअर

अभियांत्रिकी प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की पालक काळजीने विचारतात, "कॉम्प्युटर हुकलं, मेकॅनिकल मिळतंय. घ्यावं का?" तुटलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय मुलीला किंवा मुलाला चैन पडत नसेल, तर निर्धास्त घ्या. आणि ट्रायबॉलॉजी हा विषय लवकर कानावर घाला. घर्षण, झीज आणि वंगण यांचं हे शास्त्र. त्याला हे नाव १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या पीटर जोस्ट यांच्या अहवालाने दिलं. हे ज्ञान नीट वापरलं तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा हिशेब त्यात होता.

गिअरचा एक दात घ्या. तो मुळाशी वाकतो, त्याच वेळी समोरचा दात त्याला दाबतो आणि त्याच्यावरून घसरतोही. शाफ्ट वाकतो आणि पिळलाही जातो. एकेकटा भार सोसणारा धातू, सगळे भार एकदम आले की लाखो फेऱ्यांनंतर थकतो आणि त्याला भेग पडते. मध्ये तेलाचा थर असतो, पण बेअरिंगमध्ये तो बऱ्याचदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. शिवाय हे तेल कधीकधी उलटतं! १९३५ मध्ये स्टुअर्ट वे यांनी एकमेकांवर फिरणारे रोलर तपासले. खड्डे पडले ते तेल घातलेल्या रोलरांना, कोरड्यांना नाही. वे यांचं म्हणणं असं, की तेल भेगेत शिरतं, वरून रोलर आला की भेगेचं तोंड मिटतं आणि आत कोंडलेलं तेल दाबाने ती आणखी फाडतं. पण म्हणून तेल बंद करायचं नसतं, कारण कोरडा भाग घासूनच संपतो. कोणतं तेल, किती जाड, पृष्ठभाग किती गुळगुळीत, हे ठरवणं हेच इथलं काम. मला तरी यांत्रिकीत याहून रंजक प्रश्न दिसत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांची धास्ती नको. इंजिन गेलं तरी गिअर आणि बेअरिंग राहतातच. उलट मोटर बऱ्याचदा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते, आणि तिच्यातली वीज बेअरिंगमधून वाट काढून आतला पृष्ठभाग खराब करू शकते. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांमधल्या बेअरिंगनाही सतत बदलत्या वाऱ्याचा भार सोसावा लागतो.

डिप्लोमावाल्यांनी कंडिशन मॉनिटरिंगकडे वळावं. तेलाच्या नमुन्यातले धातूचे कण आणि यंत्राची व्हायब्रेशन यांवरून बिघाड आधीच ओळखायचा असतो. आयएसओ १८४३६ नुसार व्हायब्रेशन तपासणाऱ्यांच्या प्रमाणपत्राच्या चार श्रेणी आहेत. पहिलीसाठी पदवीची अट नाही. पदवीधरांनी गेट परीक्षा देऊन एम.टेक. करावं, आयआयटी दिल्लीत या विषयावर संशोधनाची जुनी परंपरा आहे. पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, चिंचवडला एसकेएफचा बेअरिंग कारखाना आहे.

पहिला पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्राएवढा बहुधा नसेल, हे घरात आधीच बोलून घ्या. आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणू नका. जवळच्या एमआयडीसीतल्या मेंटेनन्स विभागातून निकामी झालेलं बेअरिंग मागून आणा, कापा, भिंगाखाली धरा आणि पहिली भेग कुठे पडली असेल ते शोधा.