तटाआडचे परंडा

प्रश्न : परंडा शहराचे त्रिमितीय मॉडेल संगणकावर केले आहे. पण किल्ल्याच्या तटाआड काहीच दिसत नाही. काय करावे? – एक वाचक, परंडा

उत्तर : तुमचा किल्ला भुईकोट, दुहेरी तटाचा. माणसाच्या नजरेच्या उंचीवरून पाहिले तर तटच आड येणार. कॅमेरा उंच न्या, साधारण 45 अंशांत तिरका ठेवा. खंदकाची खोली वरूनही नीट कळत नाही; तिथे उभा छेद दाखवा. बुरूज बारकाईने दाखवा. मलिक-ए-मैदान तोफ विजापूरला गेली ती याच किल्ल्यातून, तेव्हा लोकांची नजर आधी तिथेच जाणार. भोवतालची घरे साध्या करड्या ठोकळ्यांची पुरतात. रंग एकाच माहितीसाठी राखा, उदाहरणार्थ पडझड. सावल्या मात्र हव्यातच. उंची वाढवून दाखवलीत, तर तसे चित्राखाली स्पष्ट लिहा.