वारली चित्रांचा एक पाठ

विद्यार्थिमित्रहो, हस्तकलेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास, अशी तुमच्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. कित्येक पालकांचीहि असते. ज्याला परीक्षेंत गुण नाहींत तें शिकून काय करावयाचें, असें ते विचारतात. यंदा मुलांकरितां व पालकांकरितां वारली चित्रकलेचें दोन दिवसांचें शिबिर शाळेंत भरलें, त्यांत या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें. तें येथें मांडतों.

प्रथम या कलेची ओळख करून घेऊं. वारली लोकांची वस्ती डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत विशेष आहे. हा भाग पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. त्यांच्या कुडाच्या घराच्या भिंती माती व शेण यांनीं लिंपलेल्या असतात. त्यांवर गेरूचा हात देतात. तांदुळाचें पीठ पाण्यांत कालवून त्यांत थोडा डिंक घातला कीं रंग झाला, व बांबूच्या काडीचें टोंक चावून मऊ केलें कीं कुंचली झाली. आकारहि तीनच: वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोंकाशीं टोंक लावून काढले कीं माणसाचें धड होतें. एवढ्याच सामग्रींतून भातशेती, झाडें, पांखरें आणि तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फेर धरून नाचणारीं माणसें उभीं राहतात.

लग्नाच्या वेळीं घरांतील भिंतीवर सवाशिणी चौक काढतात व त्याच्या मध्यें पालघट देवी असते. म्हणजे ही कला मूळची स्त्रियांची व घरांतील मंगल कार्याची होय. १९७० नंतरच्या काळांत ती कागदावर उतरली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनीं तिला देशोदेशीं मान मिळवून दिला. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले.

आतां शिबिराकडे वळूं. शिकवावयास एक वृद्ध वारली बाई आल्या होत्या. त्यांस अक्षरओळख नव्हती. मुलें त्यांस आजी म्हणूं लागलीं. आरंभींच कित्येकांनीं पट्टी व कंपास मागितला. आजी हंसल्या, आणि त्यांनीं हातानेंच एक वर्तुळ काढून दाखविलें. पुढें मुलांचे रंग पातळ होऊन कागदावरून ओघळूं लागले. तेव्हां वसतिगृहांतील एक मुलगा हळूच पुढें आला व पीठ किती घालावें हें इतरांस सांगूं लागला. वर्गांत तो नेहमीं शेवटच्या बाकावर बसे. आपल्या घरच्या भिंतींवर अशीं चित्रें असतात, हें त्यानें कोणास सांगितलें नव्हतें. त्याला त्याची लाज वाटे. त्या दिवशीं वकिलांचीं व डॉक्टरांचीं मुलें त्याच्याभोंवतीं बसून शिकलीं. आम्ही त्याला तीन वर्षें शिकवीत होतों, पण त्याला काय येतें हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. हा दोष आमचा.

दुसऱ्या दिवशीं एका मुलीनें चौक शिकविण्याची विनंति केली. आजी म्हणाल्या, "तो लग्नाचा आहे, बाय. येथें नाहीं काढावयाचा." आम्हीं आग्रह केला नाहीं. दुसऱ्याची कला शिकतांना त्याला जें पवित्र वाटतें त्याचा मान राखणें, हाहि त्या पाठाचाच भाग होय.

पवित्र शास्त्रांत निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल या कारागिराची हकीगत आहे. देवानें त्याला आपल्या आत्म्यानें भरलें, तें व्याख्यान देण्यासाठीं नव्हे. सोनें, रुपें, पाषाण व लांकूड यांवर काम करण्यासाठीं. हाताचें कौशल्य हेंहि देवाचें दान आहे, आणि तें कोणत्याहि झोंपडींत असूं शकतें.

म्हणून मुलांनो, या सुटींत आपल्या घरांतील किंवा शेजारच्या एखाद्या वडील माणसाजवळ बसा. गोधडी शिवणें, टोपली विणणें, रांगोळी घालणें, जें त्यांस येत असेल तें स्वतःच्या हातांनीं शिका. पालकांनींहि त्यांच्याबरोबर बसावें. पहिली टोपली वांकडी होईल, होऊं द्या. ती विणतांना शिकविणाऱ्याविषयीं जो आदर मनांत उपजेल, तोच या पाठाचा खरा गुण समजावा.