पायाखालचा एक इंच

गाडीची तक्रार नव्हती, तक्रार गुडघ्याची होती. पुण्याहून निघालं की खंबाटकी चढतानाच उजवा गुडघा कुरकुरायला लागायचा आणि साताऱ्यापर्यंत दोनदा पाय लांब सोडून झटकावा लागायचा. म्हणून फूटरेस्ट इंचभर खाली आणणारी ब्रॅकेटची जोडी मागवली. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात ती बसवली. शनिवारी पहाटे गुहागरला निघायचं होतं. चूक तिथूनच सुरू झाली, पण ते नंतर कळलं.

बसून पाहिलं तर गुडघ्याला खरंच आराम वाटला. मात्र फूटरेस्ट खाली गेली आणि गिअर-ब्रेक होते तिथेच राहिले. पायाच्या हिशेबात दोन्ही इंचभर वर चढले. गिअर टाकायला अख्खा पाय उचलावा लागत होता. ब्रेकवर पाय धरायचा तर पंजा सतत वर ताणलेला, पाच मिनिटांत नडगी भरून आली.

माझ्या वडिलांकडे जुनी बुलेट होती. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. शेजारच्या काकांच्या जावाला तर किक मारायची तीच दांडी वळवली की गिअरची व्हायची. त्या पिढीने गाडीला काही विचारलं नाही, पायालाच सवय लावली. आम्ही पाना घेऊन बसतो. त्यात गैर काही नाही, फक्त पाना कुठे लागतोय हे माहीत हवं.

गिअरचं काम सोपं निघालं. लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर बसलेली असते. दहाच्या पान्याने बोल्ट पूर्ण बाहेर काढला, लिव्हर ओढली, एक दाता खाली बसवली. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढू नका, बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो आणि ओढाओढीत दाते खराब होतात.

मग ब्रेक. पेडलच्या मागे एक छोटा स्टॉपर बोल्ट असतो, पेडल वर कुठे थांबायचं ते तो ठरवतो. चेकनट सैल केला, बोल्ट पिळला, पेडल खाली आलं. पाय कसा अलगद बसला! हात पुसले आणि झोपायला गेलो. या पेडलला एक दांडी जोडलेली असते, ती मास्टर सिलेंडरमधल्या पिस्टनला ढकलते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या रात्री ते आठवलं नाही एवढंच.

कराडला चहाला थांबलो तेव्हा मागून येणारा मित्र म्हणाला, "अरे, तुझा ब्रेक लाइट पुण्यापासून पेटलेलाच आहे. पाय काढ की पेडलवरून."

पाय पेडलवर नव्हताच. मी वाकून पाहिलं, ब्रेक लाइटच्या स्विचचं स्प्रिंग ताणलेलं दिसलं. पेडल खाली आणलंय, म्हणजे स्प्रिंग ताणणारच, असं म्हणून स्विचचा नट चार आटे फिरवला आणि दिवा विझवला. मित्राला वर ऐकवलंही, "बघ, झालं." आज तो चहा आठवला की स्वतःचा राग येतो. पेडल न दाबताही दाबलेलं आहे, एवढंच तो दिवा सांगत होता. मी दिव्यालाच गप्प केलं.

हायवेवर मागचा ब्रेक फारसा लागत नाही, म्हणून तिथवर निभावलं. पाटण, कोयनानगर मागे पडलं आणि कुंभार्ली घाटाची उतरण लागली. दर वळणाला मागचा ब्रेक. थोड्या वेळाने गाडी जडशीळ वाटायला लागली, उतारावरही ॲक्सिलरेटर मागायला लागली. जळका वास आला, तो मी पुढच्या ट्रकच्या नावावर खपवला. घाटात तो वास असतोच. मग एका वळणावर मागचं चाक क्षणभर घासत सरकलं. कशीबशी कडेला घेतली, उतरलो आणि ढकलायला गेलो तर गाडी हलेना.

डिस्क निळसर पडली होती. मित्राने बाटली उघडून तिच्यावर पाणी धरलं, छन्न आवाज झाला, आणि मी त्याचा हात मागे ओढला. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकडी व्हायची भीती. कठड्यावर बसून राहिलो. पाऊण तासाने चाक आपोआप मोकळं झालं, आणि मागचा ब्रेक न वापरता, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पुढच्या ब्रेकला जपत खाली उतरलो.

घाट उतरल्यावर रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या विशीतल्या पोराने खाली बसून पेडल बोटाने दाबलं, पुन्हा दाबलं आणि वर बघितलं. "काका, याला प्लेच नाही."

प्ले म्हणजे पेडल दाबताना ब्रेक धरायच्या आधीची थोडीशी मोकळी हालचाल. ती ढिलाई वाटते, पण गरजेची असते. मास्टर सिलेंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पाय काढला की पिस्टन मागे जातो, छिद्र उघडतं आणि फुगलेलं ब्रेक ऑइल वरच्या डबीत परत जातं. मी पेडल खाली आणलं पण दांडी आखूड केली नाही, त्यामुळे पिस्टन कायम किंचित पुढे दाबलेला राहिला आणि छिद्र बंद. ऑइल तापून फुगलं, त्याला जायला वाट नाही, म्हणून त्याने पॅड आवळले. पॅड आवळले म्हणून आणखी तापलं. त्या पोराने दांडीचा चेकनट सैल करून ती दोन-तीन आटे आखूड केली, चाक हाताने गरगर फिरवलं आणि पन्नास रुपये घेतले. पुण्यात पॅड आणि डिस्क दोन्ही बदलावी लागली, त्याचा आकडा घरी सांगितलेला नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. फूटरेस्टला हात लावला असेल तर गिअर आणि ब्रेकही बघावेच लागतात. बसायचं ते प्रवासातले बूट घालून, सेंटर स्टँडवर किंवा कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगून. चपलेवर लावलेला गिअर जाड टोकाच्या बुटाखाली अडकतो. घोटा न वाकवता पंजा लिव्हरखाली सहज सरकला पाहिजे, आणि लिव्हर पूर्ण खाली दाबल्यावर साइड स्टँडला टेकता कामा नये. जुनी जागा आधी नेलपॉलिशच्या टिपक्याने खूण करून ठेवा, कारण एक दाता म्हणजे पायाला बराच फरक. ज्या गाड्यांत गिअरला मधे जोडदांडी असते तिथे बारीक फरक करता येतो, पण तिच्या एका टोकाचे आटे बहुतेक वेळा उलटे असतात. नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी ते पाहा. मी एक नट असाच गोल करून ठेवलाय.

ब्रेकचं पेडल तळव्याच्या किंचित खाली राहावं, म्हणजे पाय विसावतो पण पेडलला टेकत नाही. आधी उंची, मग दांडीची लांबी, मग प्ले, आणि स्विच सगळ्यात शेवटी. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत पेडलच्या टोकाला २० ते ३० मिलिमीटर प्ले सांगितलेला असतो. डिस्कला तो खूपच कमी असतो, पण शून्य नसतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत बघा. दांडी सैल करताना तिचे पुरेसे आटे आत शिल्लक आहेत ना, तेही. आणि खाली आणलेली फूटरेस्ट वळणावर आधी रस्त्याला टेकते, घाटात गाडी झुकवणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं.

हे सगळं प्रवासाच्या आदल्या रात्री करू नका. रविवारी सकाळी करा, दहा-बारा वेळा ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवून बघा. मग पाच किलोमीटर मागचा ब्रेक अजिबात न लावता फिरून या आणि डिस्कच्या जवळ तळहात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. ऊब लागली तर पुन्हा पाना काढा.